‘द स्ट्रेंजर’ (1946): एका घड्याळजीने बघितलेला

आधीच सांगून टाकतो, मी सिनेमातला जाणकार वगैरे नाही. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ, भाजीवाल्यांच्या रांगेमागे सहा बाय चारचा गाळा आहे, त्यात बसून घड्याळं दुरुस्त करतो. गाळा वडिलांनी घेतला, डोळ्याला लावायचं भिंगही त्यांचंच. दिवसाला पंधरा गिऱ्हाइकं आली तर बारा जण सेल बदलायला नाहीतर पट्टा टाकायला येतात. उरलेल्या तिघांत एखादं चावीचं घड्याळ निघालं की माझा दिवस सार्थकी लागतो. तेव्हा पुढचं सगळं त्याच भिंगातून बघितलेलं आहे असं समजा. आणि हो, शेवटासकट सांगणार आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा शेवट लपवून करायचंय काय?

त्या शुक्रवारी दुपारपासून धो धो लागला होता. वंदना बस स्टँडजवळ पाणी भरलेलं, लोकल रखडलेल्या, गिऱ्हाईक कोण येणार? सहालाच शटर ओढलं आणि चरईत घरी आलो. मुलगी घरूनच काम करत होती. लॅपटॉप मिटून म्हणाली, ‘बाबा, आज तू जुन्या नाटकांचे व्हिडिओ लावायचे नाहीत. मी सिनेमा दाखवते. त्यातला व्हिलन घड्याळं दुरुस्त करतो.’

मी म्हटलं, मग तो व्हिलन कसला, तो तर आमच्यातला.

‘नाही ना,’ ती म्हणाली. ‘नाझी आहे तो.’

सिनेमा काळा-पांढरा, 95 मिनिटांचा. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, आणि नाझीचं कामही त्यानेच केलंय. शूटिंगच्या वेळी तिशीचा पोरगा, पण पडद्यावर असा काही वावरतो की पन्नाशीचा वाटावा. त्याच्या मागावर असलेला सरकारी माणूस म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन. बुटका, जाडसर, तोंडात पाइप. आमच्याकडे आला असता तर मी त्याला एलआयसीचा एजंट समजलो असतो. त्याचं सोंग तेच आहे म्हणा: जुन्या चांदीच्या वस्तूंचा शौकीन म्हणून तो गावात येतो.

गोष्ट अशी. फ्रान्झ किंडलर हा नाझींचा मोठा माणूस, माणसं घाऊक मारायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली असा. लढाई संपताना त्याने आपला एकूण एक कागद नाहीसा केलाय. फोटोसुद्धा ठेवलेला नाही. मग अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात हार्पर नावाच्या छोट्या गावात चार्ल्स रँकिन बनून मुलांच्या शाळेत मास्तर झालाय. आणि लग्न कुणाशी जमवलंय? सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींच्या मुलीशी, मेरीशी! लपायला याहून बरी जागा कुठली. न्यायमूर्तींच्या जावयाला पुरावे कोण मागणार? आमच्या सोसायटीत साधा भाडेकरू ठेवायचा तर पोलीस पडताळणीपासून आधीच्या घरमालकाच्या पत्रापर्यंत सगळं मागतात, पण जावई म्हणून आला की कुणी काही मागत नाही.

चेहरा माहीत नसलेल्या माणसाला शोधायचं कसं? रॉबिन्सन (सिनेमात त्याचं नाव विल्सन) एक डाव टाकतो. किंडलरचा जुना सहकारी माइनिके तुरुंगात आहे, त्याला मुद्दाम सोडून द्यायला लावतो. जाऊ दे त्याला, तो आपल्या साहेबाकडेच जाईल. आणि माइनिके जातोही. पण तुरुंगात तो देवाला लागलेला असतो. साहेबाला गाठून सांगतो काय, तर बाबा रे, कबूल कर, देवाची माफी माग.

इथे सिनेमातला मला सगळ्यांत आवडलेला भाग येतो. दोघं जंगलातून चालत निघतात आणि कॅमेरा न थांबता त्यांच्याबरोबर चालतो, चार मिनिटांच्या आसपास, मध्ये कात्री नाही. मुलीने हे आधी सांगितलं नव्हतं, पण मला जाणवलं. घड्याळाची टिकटिक थांबली की कानाला जसं जाणवतं तसं: काहीतरी नेहमीचं होत नाहीये. शेवटी म्हातारा गुडघ्यावर बसतो, साहेबालाही बसवतो, प्रार्थना सुरू होते, आणि प्रार्थना चालू असतानाच साहेब त्याचा गळा दाबतो. शाळेची मुलं तिथेच, हाकेच्या अंतरावर, कागदाचे कपटे टाकत पकडापकडी खेळतायत. तो उठतो, पडलेले कपटे गोळा करतो आणि दुसऱ्या वाटेने टाकत जातो, म्हणजे मुलं तिकडे वळतील. कपाळावर घाम आहे, पण हात घाईत नाहीत. मी त्या हातांकडे बघत होतो. बारीक कामाची सवय असलेले हात होते ते. आणि त्याच संध्याकाळी या इसमाचं लग्न! लग्नाच्या पार्टीतून मध्येच उठून जाऊन मढं पुरून येतो.

आता घड्याळाबद्दल. हार्परच्या चर्चवर एक मनोऱ्याचं घड्याळ आहे, वर्षानुवर्षं बंद. साधंसुधं नाही, मूर्तींचं. घंटा वाजली की तलवार घेतलेला देवदूत आणि त्याच्यापुढे पळणारा सैतान गोल फिरतात. अशी घड्याळं युरोपात बरीच आहेत. स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलमध्ये आहे, त्याचं आत्ताचं मशीन 1838 ते 1843 या काळात बसवलं. दुपारी साडेबाराला त्यात येशूसमोरून बारा शिष्य जातात आणि कोंबडा आरवतो. प्रागचं तर 1410 चं, त्यात सांगाडा दोरी ओढतो. ते प्रागचं घड्याळ लढाईच्या अगदी शेवटच्या दिवसांत, मे 1945 मध्ये, जर्मनांच्या तोफांनी जाळलं. 1948 मध्ये लोकांनी परत चालू केलं. हे मला आधीपासून माहीत होतं, वडिलांकडे एका जुन्या इंग्रजी मासिकातलं चित्र होतं. त्यामुळे पडद्यावरचा नाझी जेव्हा स्वतःच्या हाताने मनोऱ्यातलं घड्याळ दुरुस्त करायला बसला, तेव्हा मला ते वेगळंच टोचलं.

किंडलरबद्दल विल्सनला एकच गोष्ट पक्की माहीत असते: या माणसाला घड्याळांचं वेड आहे. बस, एवढंच. नाव बदललं, गाव बदललं, बोलण्याचा हेल बदलला, जर्मन असल्याचा मागमूस ठेवला नाही. पण मनोऱ्यावरचं घड्याळ बंद पडलेलं दिसलं आणि राहवलं नाही! लपून राहायला आलेला माणूस गावातली सगळ्यांत मोठा आवाज करणारी वस्तू दुरुस्त करतो. ती वाजायला लागल्यावर गावकरी जमून वर बघतात, कुरकुरतात. शहाण्या माणसाने गप मास्तरकी केली असती. पण जित्याची खोड.

मुलगी म्हणाली, ‘हे जरा फिल्मी आहे ना?’

अजिबात नाही. हे मी शपथेवर सांगतो. बंद घड्याळ भिंतीवर असलेल्या खोलीत मला बसवत नाही. भाच्याच्या साखरपुड्याला हॉलमधलं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं. मी जेवायच्या पंगतीतून उठलो, खुर्चीवर चढलो, घड्याळ उतरवलं, मागचं झाकण काढलं. सेलच्या पट्टीला गंज आला होता तो नखाने खरवडला आणि परत लावलं. भाच्याचे सासरे माझ्याकडे बघत राहिले. एका दवाखान्यात तर डॉक्टर रिपोर्ट समजावून सांगत होते आणि माझं लक्ष त्यांच्या डोक्यावरच्या काट्याकडे, कारण सेकंद काटा सहाच्या पुढे चढताना दर वेळी अडखळत होता. हा रोग आहे. रोग लपवता येत नाही.

‘मोठे आलेत,’ आतून आवाज आला. ‘आपल्या बेडरूममधलं दिवाळीपासून बंद आहे अहो.’

त्याचं कारण वेगळं आहे, त्याचा गिअर मिळत नाही. असो.

विल्सनला खरी खात्री होते ती मात्र घड्याळावरून नव्हे. जेवणाच्या टेबलावर गप्पा चालल्यात. रँकिन जर्मनांना भरपूर शिव्या घालतो, इतक्या की विल्सनला वाटतं, हा आपला माणूस नव्हे. मग मेरीचा धाकटा भाऊ मार्क्सचं नाव काढतो, की तोही जर्मनच होता ना? रँकिन सहज म्हणून जातो, मार्क्स कुठे जर्मन, तो तर ज्यू. विषय पुढे सरकतो. विल्सन खोलीवर जातो, संशय फिटला म्हणून वरिष्ठांना कळवून मोकळा होतो, झोपतो, आणि मध्यरात्री ताडकन उठतो: ज्यू आहे म्हणून मार्क्स जर्मन नाही, असं नाझीशिवाय कोण म्हणेल?

हे फार बारीक काम आहे. ना पुरावा, ना साक्षीदार. सवयीने तोंडातून निसटलेलं अर्धं वाक्य. मुलीने तो भाग मागे घेऊन पुन्हा लावला. वेल्स ते वाक्य म्हणताना प्लेटवरून नजरसुद्धा वर करत नाही.

या जागी मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. हातघड्याळ दुरुस्तीला आलं की घड्याळजी मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुईच्या टोकाने बारीक खूण करून ठेवतो. कुणी तारीख, कुणी नंबर, कुणी आपलं अक्षर. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. परत आलं तर आपण काय केलं होतं ते कळावं म्हणून. माझे वडील नंबर आणि साल टाकायचे आणि तोच नंबर वहीत.

मागच्या महिन्यात साठीचे एक गृहस्थ चावीचं एचएमटी जनता घेऊन आले. ‘वडिलांचं आहे, चालू करून द्या.’ डायल नवीन रंगवलेलं. मागचं झाकण एवढं पॉलिश केलेलं की बोट घसरावं. पॉलिश कुणी उगाच करत नाही. भिंग लावून तिरप्या उजेडात धरलं तर घासलेल्या जागी अक्षरांच्या पुसट कडा दिसल्या. पूर्वी कारखान्यांमधून पंचवीस वर्षं नोकरी झाली की नाव कोरून घड्याळ द्यायचे, वागळे इस्टेटमधली अशी कितीतरी आमच्याकडे यायची. झाकण उघडलं. आत वडिलांच्या हातचं: 417, खाली 79. त्यांचा 4 वरून बंद असायचा, लांबून 9 वाटावा असा. वही माळ्यावर होती. 1979 ची काढली, 417 बघितला. नाव भलतंच होतं. आडनावही या गृहस्थांच्या वडिलांचं नव्हे.

विकत घेतलेलं असेल. कुणाकडे गहाण पडून सुटलं नसेल. काहीही असेल. मी कोण विचारणारा? पण डायल बदललं, अक्षरं घासली, आणि झाकणाच्या आत बघायचं मात्र राहून गेलं. किंडलरचं नेमकं हेच झालंय. मार्क्सवरचं ते वाक्य म्हणजे त्याचा 417.

सिनेमा संपल्यावर खरेखुरे पळालेले लोक कसे सापडले ते वाचत बसलो. गोष्टी बहुतेक अशाच निघाल्या. ज्यूंना छावण्यांकडे धाडायची व्यवस्था बघणारा नाझी अधिकारी आइकमन अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सला, रिकार्दो क्लेमेंट या नावाने मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात नोकरी करत होता. स्वतः नाव बदललं, पण मुलगा आइकमन हेच आडनाव लावत राहिला आणि ज्या मुलीबरोबर फिरायचा तिच्या घरी नको ते बोलला. मुलीचे वडील नाझींच्या दाखाऊच्या छळछावणीतून गेलेले, आणि तोवर डोळे जवळजवळ गेलेले. म्हणजे आइकमनला पहिल्यांदा ‘बघितलं’ ते दिसत नसलेल्या माणसाने. त्यांनी जर्मनीत फ्रिट्झ बाउअर नावाच्या सरकारी वकिलाला कळवलं, तिथून धागा इस्रायलला गेला. 11 मे 1960 च्या संध्याकाळी इस्रायलची माणसं गॅरिबाल्डी रस्त्यावर दबा धरून बसली होती. हा माणूस रोज ठरलेल्या बसने घरी यायचा, घड्याळ लावून घ्यावं असा. नेमका त्या दिवशी त्या बसने आलाच नाही. पुढच्या एका बसने उतरला. मधला तो अर्धा तास त्या माणसांनी कसा काढला असेल! 1962 मध्ये त्याला फाशी झाली.

बोस्नियातल्या सर्बांचा पुढारी कराजिच, युद्धगुन्ह्यांसाठी हवा असलेला, 2008 मध्ये बेलग्रेडला सापडला, तोवर तो द्रागान डाबिच झाला होता. मोठी पांढरी दाढी, डोक्यावर बांधलेली शेंडी, पर्यायी उपचार करायचा आणि आरोग्यावर भाषणं द्यायचा. यालाही गुपचूप बसवेना, स्टेजची सवय सुटेना. त्याला पकडला तोही बसमध्ये. बायको म्हणाली, ‘या लोकांना बसच नडते.’ सिनेमातला माइनिकेसुद्धा हार्परला बसनेच येतो, हे तिच्या लक्षात होतं.

सगळेच सापडत नाहीत हेही खरं. आउशवित्झमध्ये कैद्यांवर प्रयोग करणारा मेंगेले ब्राझीलमध्ये 1979 साली समुद्रात पोहताना मेला आणि दुसऱ्याच नावाने पुरला गेला. 1985 मध्ये हाडं उकरून काढली तेव्हा जगाला कळलं.

हे सगळं घडायच्या आधीचा सिनेमा आहे, हे ध्यानात ठेवून बघा. शूटिंग 1945 च्या शरदात झालं. नाझी पुढाऱ्यांवरचा न्यूरेम्बर्गचा खटला त्याच नोव्हेंबरात उभा राहिला आणि सिनेमा थेटरात लागला तेव्हा त्याचा निकालही लागलेला नव्हता. ‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार, हा शब्द राफाएल लेमकिन यांनी जेमतेम 1944 मध्ये छापलेला. तो या सिनेमात येतो. असलाच कुणी आपल्या शेजारी राहत असेल तर, ही भीती तेव्हा ताजी होती.

मध्ये एक प्रसंग आहे. न्यायमूर्तींच्या घरात पडदा लावून विल्सन मेरीला नाझींच्या छळछावण्यांचं चित्रण दाखवतो. हे चित्रण खरं आहे, 1945 मध्ये छावण्या सोडवल्यावर घेतलेलं. हॉलिवुडच्या कथापटात ते पहिल्यांदा याच सिनेमात दाखवलं. प्रोजेक्टरचा उजेड तिच्या चेहऱ्यावर हलत असतो. मी आयुष्यात कधी नाझी बघितलेला नाही, असं ती म्हणते. विल्सन सांगतो, बघितला असशीलही, कळलं नसेल, फायदा असेल तेव्हा ते इतरांसारखेच दिसतात आणि वागतात. आमच्या घरात तोवर अखंड बडबड चालली होती. इथे बायकोने आत जाऊन गॅस बंद केला आणि येऊन नुसती उभी राहिली. ढिगारे दिसतात, माणसांचे. ते नट नाहीत हे कुणी सांगावं लागत नाही.

त्यानंतर सिनेमा पुन्हा थ्रिलर होतो, आणि खरं सांगू, तिथे तो मला थोडा हलका वाटला. एवढं दाखवल्यावर पुन्हा शिडी, करवत आणि पाठलाग? मुलगी म्हणते उलट आहे, थ्रिलरची साखर होती म्हणून तर ते चित्रण 1946 च्या प्रेक्षकाच्या गळी उतरलं. असेल. आमचं यावर खिचडी संपेपर्यंत चाललं होतं.

दोष आहेतच. लोरेटा यंगने मेरीचं काम मन लावून केलंय, पण तिला लिहिलंय भाबडी. नवरा तिच्या लाडक्या कुत्र्याला, रेडला, कोंडून ठेवायला लावतो. कुत्रा सुटून जंगलात नेमकी ती जागा उकरायला लागतो, मग कुत्र्याला विष. ‘कुत्र्याशी असं वागणाऱ्याच्या घरात मी दुसऱ्या दिवशी राहिले नसते,’ इति सौभाग्यवती. पुढे नवरा एक रचलेली कहाणी सांगतो आणि मेरी ती गिळते, त्याच्यासाठी खोटंही बोलते. नवऱ्यावर विश्वास ठेवणं एक, पण डोळ्यांवर कातडं ओढणं वेगळं. विल्सनही काही संत नाही. तिला आमिषासारखी वापरतो. हे त्याला टोचतं की नाही, सिनेमा सांगत नाही. सांगायला हवं होतं.

औषधाच्या दुकानातला पॉटर मात्र झकास. जाडाढोला, खुर्चीतून उठत नाही, गिऱ्हाइकालाच सांगतो, घे बाबा हाताने, आणि सोंगट्यांच्या डावात चकवतो. आमच्या नाक्यावर अगदी असाच एक आहे, फक्त तो कॅरम खेळतो. त्याच दुकानातल्या फोनच्या खोक्यात उभा राहून रँकिन बायकोशी बोलता बोलता कागदावर रेघोट्या ओढतो आणि स्वस्तिक काढून बसतो, त्यांचं, वाकडं. लक्षात आल्यावर रेघा जोडून त्याचे चौकोन करतो. पुन्हा तेच: हात.

शेवट मनोऱ्यात होतो. त्याआधी रँकिनने बायकोला संपवण्यासाठी मनोऱ्याच्या शिडीची एक पायरी कापून ठेवलेली असते, तिला फोन करून बोलावलेलं असतं, पण घरची जुनी बाई छातीत दुखायचं सोंग करून तिला अडकवते आणि तिच्याऐवजी भाऊ आणि विल्सन चढतात. शेवटी मेरी स्वतःच रात्री वर जाते. झटापट होते, गोळ्या सुटतात, गोळी घड्याळाच्या मशीनला लागते आणि काटे गरगर फिरायला लागतात. मुलगी इथे हसली. ‘असं कधी होतं का?’

होतं. मनोऱ्याचं घड्याळ सेलवर चालत नाही, वजनावर चालतं. दोरीला टांगलेलं जड वजन सारखं खाली जाऊ बघतं आणि एक तुकडा चाकाचा एकेक दात अडवत, सोडत, अडवत, सोडत त्याला लगाम घालतो. आपल्याला ऐकू येते ती टिकटिक म्हणजे तो अडवण्याचा आवाज. तो तुकडा तुटला की वजन सुसाट खाली, आणि सगळी चाकं भोवऱ्यासारखी. चावीच्या भिंतीवरच्या घड्याळात एकदा माझ्या हातून सुटलंय असं. स्प्रिंग पूर्ण भरलेली होती, काटे पंख्यासारखे फिरले आणि बोटाला तीन टाके पडले. तेव्हा काटे फिरतात ते बरोबर. मूर्ती मात्र लगेच फिरायला नकोत. त्यांची चाकं वेगळी, त्यांचं वजन वेगळं, त्यांना तासाचा खटका लागतो. पण काटे एवढ्या वेगात बाराला पोचले तर खटका पडेलच की. जा, तेही माफ.

मग जखमी रँकिन बाहेरच्या कठड्यावर येतो, आणि त्यानेच चालू केलेला तो देवदूत फिरत येऊन तलवार त्याच्या आरपार घालतो. मुलीला हे अती वाटलं. मला नाही वाटलं. उलट एक बारीक गोष्ट दिसली: मूर्ती जवळ येताना त्याच्या डोळ्यांत भीतीच्या आधी क्षणभर दुसरंच काहीतरी होतं, मशीन आपण बसवलं तसं चालतंय का, हे बघणारं. कदाचित मला तसं बघायचं होतं. पुढे विल्सन मेरीला ‘गोड स्वप्नं पडोत’ म्हणतो आणि सिनेमा संपतो. एवढ्या सगळ्यानंतर गोड स्वप्नं? तो विनोद मला झेपला नाही.

बघायचा असेल तर एक सूचना. अमेरिकेत याचा हक्क पुन्हा नोंदवायचा राहून गेला, त्यामुळे सिनेमा सगळ्यांचा झाला आणि नेटवर डझनभर प्रती फिरतायत, बहुतेक टाकाऊ. आम्ही आधी लावली त्यात जंगल म्हणजे नुसता काळा डाग आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा. दहा मिनिटांनी बंद करून मुलीने साफ केलेली प्रत शोधली, तिच्यात पानं मोजता येतात. मराठी सबटायटल्स नाहीत, इंग्रजी आहेत, बोलणं फार भरभर नाही. बारापैकी नऊ ठोके. दोन मेरीच्या भाबडेपणासाठी कापले, एक त्या शेवटच्या विनोदासाठी.

एचएमटीवाले गृहस्थ परवा आले. घड्याळ कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. पैसे दिले, वळले आणि परत आले.

‘उघडलं होतंत ना? आत काही लिहिलेलं असतं म्हणतात.’

मी म्हटलं, असतं. सर्व्हिसिंगचा नंबर. जुना एक आहे, खाली आता माझा.

‘त्या जुन्यावरून कळतं का, आणलं कुणी होतं ते?’

वही माळ्यावर आहे, म्हटलं, शोधायला वेळ लागेल, पाऊस उघडला की या. बरं म्हणाले, छत्री उघडून भाजीवाल्यांच्या रांगेतून स्टेशनकडे गेले. वही तेव्हा माझ्या पायाशी, गल्ल्याखालीच होती.